एक जागा कमी

आक्का आधी गाडीच्या पाठीवर थाप मारायची आणि मग गाडीवाल्याशी बोलायची. गाडी कुणाची आहे याच्याशी तिला कर्तव्य नसायचं. पलूसच्या आमच्या शाखेच्या दारात मॅनेजरसाहेबांची पांढरीशुभ्र गाडी उभी असे. तिच्या मागच्या अंगाला तळहात सपाट करून दोन थापा, "कशी हाईस गं?" अशी चौकशी, आणि मग आक्का आत. साहेब काचेतून हे सगळं बघायचे आणि डोळे मिटून घ्यायचे.

तुम्ही म्हणाल, काय हा अडाणीपणा! पण तिचं माहेर बैलांचं होतं. वडील खिलार बैल वाढवायचे, जत्रेच्या बाजारात न्यायचे, आणि या पोरीला बरोबर घ्यायचे, कारण कितीही मारका बैल असला तरी तो तिला दात बघू द्यायचा. तेव्हापासून जगातली प्रत्येक हलणारी वस्तू तिच्या लेखी बैलच. आमचा पंखा कुरकुरला की "धाप लागलीया त्याला." प्रिंटर अडला की "बुजलंय ते. असं आरडू नका त्याच्यावर." आम्ही प्रिंटरला शिव्या घालायचं काही सोडलं नाही, पण ती समोर असली की जरा हळू घालायचो.

मी तिथं वाहनकर्जाचं काम बघत होतो. आता साताऱ्याला बदली झालीय, पण तेव्हा रोज सांगलीहून पलूसला यायचो. आमच्या खात्यातल्या माणसाचं एक विचित्र असतं बघा. मार्च जवळ आला की तो रस्त्यावरच्या प्रत्येक खटारा गाडीकडे प्रेमानं बघायला लागतो. हिचा मालक आज ना उद्या आपल्याकडे येणार! आक्काची जीप मी अशीच हेरून ठेवली होती. तिचा रंग मूळचा कोणता, यावर पलूसमध्ये दोन मतं होती.

आक्का टोळीची मुकादम. तासगावच्या बाजूला द्राक्षबागांत घडांची विरळणी, काढणी, पुढं शेडवर बेदाणा निवडणं, ही कामं बायकांच्या टोळ्या करतात. बागायतदार मुकादमाला फोन लावतो, मुकादम बायका घेऊन हजर. आक्काच्या बायका तिच्या जीपमधून जायच्या आणि जीप आक्का स्वतः चालवायची. नवरा होता तोवर तो चालवायचा. तो गेल्यावर भावकीतले म्हणाले, आता विकून टाक, बाईमाणूस काय करणार जीपचं. ऊस तुटून गेलेल्या मोकळ्या रानात आक्कानं जीप घातली आणि शिकली. "बांध येक ठिवला न्हाई सायेब," हे ती फार अभिमानानं सांगायची. "पन मानूस येक बी पाडला न्हाई."

त्या वर्षी विरळणीच्या हंगामात जीपनं घात केला. सकाळी सकाळी तासगावच्या रस्त्यावर बंद पडायची. बायका उतरून ढकलायच्या, ती थोडी चालायची, पुन्हा रुसायची. बागेत पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर. बागायतदार तरी किती दिवस गोड बोलेल? एके दिवशी म्हणालाच, "आक्का, उद्यापासनं दुसरी टोळी सांगू का?" शेजारच्या गावात एक नवा मुकादम उभा राहिला होता. त्याच्याकडे नवीकोरी बंद गाडी होती, आणि तो आक्काच्या बायकांच्या दारांवरून उगाच चकरा मारत होता. टोळीचं मोळीसारखं असतं. बंद सुटला की एकेक काडी उचलायला किती वेळ लागतो?

म्हणून आक्का शाखेत आली. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "सायेब, नवी गाडी घ्यावी म्हंते. पन तिला खायाला काय काय लागतं, ते आधी सांगा."

"डिझेल लागतं आक्का. आणि दर महिन्याला हप्ता."

"पावसाळ्यात बी? तवा बागंत काम नसतंया. गाडी दारात हुबी."

"तेव्हाही."

आक्कानं माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही तो हप्ता मीच गिळणार होतो. "बैलाला काम नसलं की आमी जरा हात आखडता घेतो. ह्यो तर बसून बी तेवढाच खानार. असला बैल माज्या बापानं दारात बांदला नसता."

इतक्या वर्षांत मी शेकडो लोकांना हप्ता समजावून सांगितला होता. मला तो कुणी असा समजावून सांगितला नव्हता. मी घसा खाकरून पुन्हा सुरुवात करणार, तेवढ्यात तिनं विचारलं, "तुमची कंची गाडी?"

आता आली का पंचाईत! माझी गाडी म्हणजे वडिलांची स्कूटर. आक्का बाहेर गेली, स्कूटरवर थाप मारली, खाली वाकून काय काय बघितलं आणि परत आली. "म्हातारी हाय. पन लबाड न्हाई. मग तुमी का न्हाई घेतली नवी?"

"माझ्या गाडीवर मी एकटा असतो, आक्का. बंद पडली तर माझाच खोळंबा."

"व्हय," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "तितंच तर घोडं अडलंय. मी येकली असते तर हिच्यासंगं म्हातारी झाली असते."

कर्ज देण्याआधी घर बघून यावं लागतं. मी तिच्या वाडीत गेलो तेव्हा सगळी टोळी जीपमध्ये बसलेली. मला वाटलं, कुठं निघाल्यात. तर नाही, बैठक भरली होती! जीप लिंबाखाली उभी, इंजिन बंद, आणि बायका आपापल्या जागेवर. अंगणात एवढी जागा होती, ओसरी होती, पण जीपविषयी बोलायचं तर जीपमध्येच बसून, असं त्यांना वाटलं असावं. प्रत्येकीची जागा ठरलेली. एक हत्यारांच्या पेटीवर. एक मागच्या फळीवर, पाय बाहेर सोडून. सुलू नावाची तरुण सून गिअरच्या दांड्याला खेटून. आक्काला गिअर बदलायचा असला की सुलूच्या गुडघ्यावर चापट बसायची आणि सुलू गुडघा सरकवायची. मला आक्काच्या शेजारी अर्धी मांडी टेकायला मिळाली.

"नव्या गाडीत काचा बंद असत्यात म्हनं," एकीनं काळजी काढली. "मला उलटी हुती."

"काच उघडती गं बये, बटन असतंया."

"चिखलाचं पाय घिऊन बसू देशील का गं आक्का? का दारात धुवाया लावशील?"

"गानी लागत्यात का त्यात?" हे सुलूचं.

"गानी लागत्यात. पन आक्का लावू देनार हाय व्हय?"

सगळ्या खिदळल्या. मग मी, उंटावरचा शहाणा, मध्ये तोंड घातलं. म्हटलं, एक गोष्ट आधीच सांगतो. नव्या गाडीत माणसं मोजून बसवायची. कागदावर जेवढ्या जागा, तेवढीच. ज्या गाड्या तिच्या आवाक्यातल्या होत्या, त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या गाडीचा मी हिशेब घातला होता. चालवणारी धरून सगळी टोळी बसवली तर एक जागा कमी पडत होती.

"आवं, येक बाई काय, मांडीवर बी बसंल," पेटीवरची म्हणाली.

आक्कानं हात वर करून तिला थांबवलं. "सायेब, जास्तीची येक बसवली आन् वाटंत काय इपरीत झालं तर? इम्याचं काय?"

"जागेपेक्षा माणसं जास्त असली की विमा अडतो, आक्का. भांडत बसावं लागतं. जास्तीच्या बाईला काही मिळेल याची खात्री नाही."

"म्हंजी तिला मोजतच न्हाईत, म्हना की."

मला खोटं बोलता आलं नाही. "नाही मोजत."

मग मागून सोनाबाईचा आवाज आला. सोनाबाई टोळीतली सगळ्यांत म्हातारी. अंगानं चिपाड, नजर अधू झालेली. विरळणीत बाकीच्यांची ओळ संपली तरी तिची अर्ध्यावर असायची आणि आक्का काही न बोलता दुसऱ्या टोकानं तिची ओळ धरायची. ती म्हणाली, "मी ऱ्हाते की घरी. मला आता दिसतंय बी कुटं धड."

आक्का ताडकन मागं वळली. "तुला कुनी इचारलं? गप बस. मोटी आली घरी ऱ्हानारी!"

एवढं चिडलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. आणि मग सुलूनं हळूच सांगून टाकलं, की त्या नव्या मुकादमाची बायको काल तिच्या घरी येऊन गेली होती. चहा पिऊन गेली. सासू म्हणाली होती, जा की, तिकडं येळेवर तरी पोचशील. हे सांगताना सुलू आक्काकडे बघत नव्हती.

आक्कानं स्टिअरिंगवरची धूळ पदरानं पुसली. "सुलूचं काय चुकलं?" ती शेवटी म्हणाली. "रोज निम्मा दिस रस्त्यावर घालवायचा का तिनं? सायेब, नवी गाडी घेऊया. पन हप्ता असा बांदा की कामाच्या दिसांत जादा खाईल आन् पावसाळ्यात उपाशी ऱ्हाईल."

"आणि ती कमी पडणारी जागा?"

"त्ये माजं मी बगते. तुमी हप्त्याचं बगा."

मी मॅनेजरसाहेबांना गाठलं. म्हटलं, उसाच्या, द्राक्षाच्या कर्जाला आपण हंगामाप्रमाणे हप्ते देतो. हिच्या गाडीचं पोटही त्याच द्राक्षावर आहे. साहेबांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटूनच ठेवले, आणि मग वरच्या ऑफिसला फोन लावला. पंधरवडाभर हो-नाही करत अखेर जमलं. आक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "वळन लागलं म्हना की त्याला." कुणाला, हप्त्याला की साहेबांना, ते मी विचारलं नाही.

पण सुरुवातीला भरायची रक्कम जुन्या जीपच्या विक्रीतून यायची होती, आणि नवी गाडी गुढीपाडव्याला दारात हवी होती. पाडव्याच्या आधल्या दिवशी गिऱ्हाईक आलं. तासगावचा बेदाण्याचा एक तरुण व्यापारी. शेडच्या आवारात क्रेट वाहायला त्याला जीप हवी होती. डोळ्यांवर गॉगल, हातात मोठा मोबाईल. आक्कानं टॉवेल काढून त्याच्यापुढं धरला. बैलबाजारातली जुनी रीत. टॉवेलाखाली बोटं धरून भाव करायचा, म्हणजे चारचौघांना कळत नाही. बिचाऱ्याला त्यातलं काही येत नव्हतं. त्यानं टॉवेलाखाली मोबाईल घातला आणि त्यावर आकडा लिहून दाखवला. आक्कानं टॉवेलाखाली डोकं घालून तो बघितला, खोडला, आणि स्वतःचा लिहिला. पुन्हा त्याचं डोकं आत. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. शेवटी सौदा जमला.

जीपला हळदकुंकू लावलं. नारळ फुटला. दोघीतिघींनी डोळे पुसले. व्यापाऱ्यानं पैसे दिले आणि किल्लीसाठी हात पुढं केला.

"किल्ली कशी दिऊ?" आक्का म्हणाली.

त्याला वाटलं, चेष्टा आहे. तो हसला. आक्का हसली नाही.

"बैल इकला तरी दावं देत नसत्यात. दावं आपल्या दारात ऱ्हातंय. घेनारा आपलं दावं घिऊन येतो."

"आक्का, ही जीप आहे!"

"मग मी काय म्हैस म्हनले व्हय?"

आता मला सांगा, एवढ्या बायका तिथं उभ्या होत्या. एकीला तरी यात काही चमत्कारिक वाटावं? छे! सोनाबाईनं तर व्यापाऱ्याचीच कीव केली. "मोकळ्या हातानं आलंया लेकरू. घरात कुनी सांगनारं न्हाई वाटतं." मी आक्काला बाजूला घेऊन कायदा सांगितला, विक्री सांगितली, उद्याचा पाडवा सांगितला. ती सगळ्याला "व्हय, व्हय" म्हणाली आणि किल्ली कमरेला खोचली. हा सौदा मोडला असता तर नवी गाडी गेली, आणि तिच्यामागून टोळीही गेली असती.

व्यापाऱ्यानं वैतागून आईला फोन लावला. आपली बाजू सगळ्यांना कळावी म्हणून आवाज मोठा ठेवला, आणि तिथंच फसला. सगळं ऐकून घेऊन त्याची आई फोनवरून म्हणाली, "दावं मागितलंस व्हय रं तिला? आन् वर मलाच सांगतोस? तुज्या आज्यानं हे ऐकलं असतं तर पायतान काढलं असतं!"

गॉगल खाली उतरला. पलूसच्या स्टँडवरून किल्लीवाल्याला बोलावलं. त्यानं कानस घासघासून नवी किल्ली केली. ती आत गेली, पण फिरेना. पुन्हा घासली. पुन्हा फिरेना. "वळखत न्हाई ती तुमास्नी," बायकांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. अखेर आक्कालाच व्यापाऱ्याची दया आली. ती म्हणाली, "चला, मी तासगावला आनून सोडते. तितं तुमच्या मिस्त्रीकडनं कुलूपच बदला, आन् तुमचं दावं लावा."

आक्का निघाली म्हटल्यावर टोळी मागं राहतेय होय! सगळ्या आपापल्या जागेवर चढल्या. आक्कानं जीप चालू करून दिली आणि उतरून सुलूला म्हणाली, "तू चालव." सुलूला रानात शिकवणं सुरू झालंय, हे मला तेव्हाच कळलं. आक्का स्वतः गिअरच्या दांड्याला खेटून बसली. मला वाटलं, शेवटच्या फेरीला तिचा हात धजत नसेल. व्यापाऱ्यालाही मागं कोंबलं, आणि मी आणि किल्लीवाला धुरळ्यात उभे राहिलो. तासगावला जीप सोडून सगळ्या एसटीनं परत आल्या आणि एसटीत कंडक्टरला त्यांनी नारळाचा प्रसाद दिला, असं मागाहून कळलं.

पाडव्याला नवी गाडी आली. आक्कानं तिच्यावर थाप मारली, कान देऊन ऐकलं आणि "पत्रा पातळ हाय," असा निकाल दिला. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "पन गुनाची निघंल." पेढे वाटले. टोळीतली प्रत्येकजण आळीपाळीनं आत बसून काच वरखाली करून आली. मी मात्र सोनाबाईकडे बघत होतो. ती पेढा हातात धरून लिंबाच्या बुंध्याशी उभी होती, गाडीजवळ काही गेली नाही. मला पेढा गोड लागेना. कागद मीच केले होते, त्यावरच्या जागा मला पाठ होत्या. हिशेब काही केल्या बदलत नव्हता.

एप्रिलच्या छाटणीनंतर बागांत पुन्हा कामं निघाली. एका सकाळी मला तासगावच्या बाजूला एका कर्जदाराकडे जायचं होतं. स्कूटर रस्त्याकडेला लावून टपरीवर चहा घेत होतो, तर समोरून आक्काची नवी गाडी आली. मला आधी सोनाबाईच दिसली. पुढच्या सीटवर, खिडकीशी, पट्टा लावून, नाकासमोर बघत बसली होती. मला इतकं बरं वाटलं, की चहा सांडला. मग चालवणारीकडे लक्ष गेलं. स्टिअरिंगवर सुलू. दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं, ओठ आवळलेले. तिनं पाडव्यानंतरच्या दोन महिन्यांत परवाना काढल्याचं टपरीवाल्याला माहीत होतं, मला नव्हतं. मागं बाकीच्या सगळ्या, एकीच्याही मांडीवर कुणी नाही. मी वाकून वाकून बघितलं, पण आक्का कुठंच नव्हती. आजारी पडली की काय? गाडी निघून गेली.

तिच्या पाठोपाठ तासगावची एसटी आली. वळणावर तिचा वेग कमी झाला, आणि पुढच्या खिडकीतून उन्हानं रापलेला एक हात बाहेर आला, मागोमाग डोकं. आक्का ड्रायव्हरला "जरा दमानं, पोरगी नवी हाय म्होरं," असं दटावत होती. तेवढ्यात तिला मी दिसलो.

"सायेब," ती धावत्या एसटीतून एवढ्या मोठ्यानं ओरडली की टपरीवरची सगळी माणसं वळून बघायला लागली, "समद्या बसल्या बगा!"